खांदा खाली येईपर्यंत

चाळीस वर्षं बारक्याने आपल्या भावजींची पाठ पाहिली होती. समोरची माणसं त्यांचा चेहरा बघायला तिकीट काढून यायची. ड्रम्समागे बसणाऱ्या बारक्याच्या वाट्याला पाठच यायची, पण त्या पाठीवरून त्याला सगळं कळायचं. घसा बसलाय, पुढची ओळ आठवत नाहीये, की घरून निघताना ताईशी वाजलंय, हे समोरच्या हजारो लोकांना कळायच्या आधी मागे बसलेल्या मेहुण्याला कळायचं.

बारक्या हे नाव लहानपणी पडलेलं. आता साठी उलटली होती, अंग कपाटाएवढं झालं होतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. भावजींचं खरं नाव तर फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. लोक त्यांना करवत म्हणायचे. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमावर एका टीकाकाराने लिहिलं होतं, की ओल्या लाकडात करवत अडकावी तसा या माणसाचा आवाज आहे. भावजींनी दुसऱ्याच दिवशी ते नाव गिटारच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहून टाकलं. टीकाकार पुढे कुठे गेला कुणास ठाऊक, करवत मात्र चालत राहिली.

आता ती थांबणार होती. निरोपाचे तीन कार्यक्रम ठरले होते. एकच सभागृह, लागोपाठ तीन संध्याकाळी, आणि त्यांतून एक लाइव्ह अल्बम. कंपनीच्या माणसाने करारावर सह्या घेताना हसत विचारलं होतं, "शेवटचे म्हणजे शेवटचेच ना? नाहीतर काही लोक निरोप घेतात आणि वर्षभरात परत येतात."

"शेवटचेच," भावजी म्हणाले होते. तेव्हा तेही हसले होते.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी बारक्याला फोन करून बोलावून घेतलं आणि कुठे जायचंय ते न सांगता गाडीत बसवलं. गाडी थांबली ती दवाखान्यापाशी. खिडकीतल्या बाईने विचारलं, "सोबत नातेवाईक कोण?"

"हा. मेहुणा," भावजी म्हणाले.

डॉक्टरांनी पडद्यावर डोक्याचा फोटो दाखवला. पांढऱ्या फांद्या पसरलेल्या आणि एका फांदीला चिकटलेला वाटाण्याएवढा गोळा. रक्तवाहिनीची भिंत तिथे पातळ होऊन फुगली होती. डॉक्टर शांतपणे बोलत होते. जड उचलायचं नाही, रागवायचं नाही, शौचाला बसल्यावरसुद्धा जोर करायचा नाही. ओरडणं तर अजिबात नाही.

"ओरडणं हा माझा धंदा आहे, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. "आजच दाखल झालात तर बरं."

"ऑपरेशन केलं तर?"

"केलंच पाहिजे. पण जागा अवघड आहे. बोलण्याचं केंद्र अगदी लागून आहे. नंतर बोलणं कितपत राहील ते आत्ता सांगता येणार नाही."

"आणि गाणं?"

डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बारक्या खुर्चीच्या कडेला सरकला. भावजी मात्र खुर्चीत आरामात बसले होते, एखाद्या सभागृहाचं भाडं ठरवत असावेत तसे. त्यांनी महिन्याभराची मुदत मागितली. डॉक्टर म्हणाले, मी मुदत देणारा कोण? तो फुगा देईल तर देईल.

गाडीत बसल्यावर भावजींनी एकच गोष्ट सांगितली. "तुझ्या बहिणीला यातलं काही कळता कामा नये."

बारक्याने मान डोलावली. तिथेच चुकलं, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण त्या क्षणी त्यांच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती आणि त्यांच्याशी वाद घालायचीच त्याला भीती वाटली.

तेव्हापासून ती भीती त्याच्या घरात राहायलाच आली. तालमीत भावजी शिंकले तरी त्याच्या काठ्या थबकायच्या. त्यांनी स्पीकरला हात लावला की तो ड्रम्समागून उठून धावायचा, "मी उचलतो, मी उचलतो." बास गिटार वाजवणारा लांब्या एकदा म्हणालाही, "बारक्या, एवढी सेवा सासऱ्याची केली असतीस तर एव्हाना घर नावावर झालं असतं." सगळे हसले. बारक्याही हसला, आणि हसता हसता त्याने भावजींच्या कपाळाकडे पाहून घेतलं.

खरी भीती होती ती एका गाण्याची. 'दार लावू नकोस' हे त्यांचं शेवटचं गाणं. कुठल्याही कार्यक्रमात त्यानंतर काही वाजायचं नाही. त्याच्या मध्यात सगळी वाद्यं अचानक थांबायची आणि भावजी एकटे किंकाळी फोडायचे. एकच श्वास. ती किती लांबवायची ते त्यांच्यावर. मग त्यांचा डावा खांदा खाली यायचा, आणि तो खाली आला की बारक्याची काठी पडायची, मागोमाग सगळा गोंगाट. चाळीस वर्षं ही खूण चुकली नव्हती. लोक त्या किंकाळीसाठीच यायचे. काही जण तर म्हणे घड्याळ लावून बसायचे.

बारक्या रोज अंथरुणावर पडला की ती किंकाळी डोक्यात ऐकायचा. ती चढत जायची, चढत जायची, आणि तो वाटाणा फुटायचा. समोर सगळीकडे माइक लावलेले असायचे. भावजी पडतील तो आवाजही त्यांत जाईल आणि कायमचा राहील, हा विचार आला की त्याला उठून बसावं लागायचं. बायकोने विचारलं तर तो म्हणायचा, पित्त झालंय.

पहिल्या संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं होतं. मागच्या आवारात रेकॉर्डिंगची गाडी उभी होती. तिथून जाड जाड तारा रंगमंचावर आल्या होत्या. गाडीत बसणारी रेकॉर्डिंगवाली, केस बांधलेली, कमी बोलणारी बाई, कार्यक्रमाआधी येऊन प्रत्येक ड्रमजवळचा माइक बोटाने ठोकून गेली. "तुमचा श्वाससुद्धा येतो यात," ती बारक्याला म्हणाली. "खोकला आला तर गाण्याच्या मध्ये नको." तिला काय ठाऊक, खोकला दूरच, बारक्याच्या घशात थुंकीही उरली नव्हती.

भावजी गायले ते मात्र असे की बारक्या काही वेळ भीतीच विसरला. आवाज जुना झाला होता, पण खरखर तीच, धार तीच. शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली. अंधारात त्या काळ्या शर्टाच्या पाठीवर घामाचा पट्टा चमकत होता. किंकाळी उठली.

बारक्याने काठ्या वर धरल्या होत्या. नजर डाव्या खांद्यावर. खांदा हलेना. किंकाळी सभागृहाच्या छताला भिडली आणि तिथेच थांबून राहिली. भावजींच्या मानेच्या शिरा मागूनही दिसत होत्या. बस, बस, बस, तो मनात म्हणत होता. मग खांदा खाली आला आणि काठी पडली. लोक वेडे झाले. बारक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लांब्याला वाटलं, शेवटचे कार्यक्रम म्हणून गडी हळवा झालाय.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवाली भावजींना म्हणाली, "बाकी सगळं सुरेख आलंय. पण शेवटच्या गाण्यात आवाज इतका चढला की तेवढा भाग फाटलाय. आज मी माइकची पातळी आधीच कमी करून ठेवते. आज परत घेऊ."

परत घेऊ. बारक्या खुळ्यासारखा मनातल्या मनात धरून चालला होता की एक झाली म्हणजे सुटलो.

त्या संध्याकाळी शेवटच्या गाण्यापर्यंत त्याचे हात ताब्यात नव्हते. किंकाळी सुरू झाली. ती नेहमीसारखी चढत असतानाच भावजींचा उजवा हात माइकवरून निघाला आणि कानामागे गेला. एवढंच. कदाचित खाज आली असेल, कदाचित घाम पुसला असेल. बारक्याने खांद्याची वाट पाहिलीच नाही. त्याने काठी मारली.

वाद्यं कोसळली. किंकाळी मध्येच कापली गेली. समोरच्या लोकांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या आणि शिट्ट्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पण ती पाठ ताठ झाली, आणि बारक्याला कळलं.

कार्यक्रमानंतर भावजींनी बाकीच्यांना कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर काढलं आणि दार लावलं.

"तू माझी किंकाळी कापलीस."

"हात घसरला, भावजी."

"चाळीस वर्षांत घसरला नाही तो?"

भावजी आरशासमोरच्या खुर्चीत बसले. आवाज चढवायचा नाही हे पथ्य आत्ता मात्र ते पाळत होते. हळूहळू, दात आवळून बोलत होते.

"तुला काय वाटतं, मला भीती वाटत नाही? पहिल्या गाण्यापासून डोळ्यामागे काहीतरी टकटक करतं. ते खरं आहे की माझ्या मनाचं, मला माहीत नाही. काल गाणं संपलं तेव्हा मला माझे पाय जाणवत नव्हते."

"मग सोडा ना. एक गाणं नाही झालं तर आभाळ कोसळत नाही."

"सोमवारच्या ऑपरेशननंतर मला 'पाणी दे' म्हणता येईल की नाही ते त्या डॉक्टरला सांगता येत नाही. जे जाणार आहे ते एकदा नीट ठेवून जायचंय, बारक्या. माझं घरदार त्या आवाजावर उभं राहिलं. तुझंसुद्धा."

बारक्या घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो ताईकडे गेला. भावजी आत झोपले होते. ताई बाहेरच्या खोलीत त्यांचा काळा शर्ट इस्त्री करत होती. बारक्या उभ्या उभ्याच बोलायला लागला आणि फोटोपासून कालच्या काठीपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"महिना होत आला."

"महिनाभर तू इथे येऊन जेवतोयस. वाढून घेतोयस माझ्याकडून."

"ताई, त्यांनीच सांगितलं होतं..."

"आणि आता सांगितलंस ते कशासाठी? मी त्याला थांबवावं म्हणून, की तुला एकट्याला भीती वाटते म्हणून?"

"एकट्याला भीती वाटते म्हणून," बारक्या म्हणाला.

ताईने पुन्हा इस्त्री उचलली. शर्टाची एक बाही झाली, दुसरी झाली. शर्टावर एक सुरकुती राहिली नाही. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. बारक्या सोफ्याच्या कडेला बसून राहिला. आतून आधी तिचा आवाज आला, मग त्यांचा, मग बराच वेळ काहीच आलं नाही. ते काहीच न येणं त्याला सहन होईना. तो उठून दारापर्यंत गेला, परत आला, परत गेला.

ताई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "मी दवाखान्यात फोनवर बोलले," ती म्हणाली. "उद्या सकाळीच दाखल व्हायचं. सोमवारची वाट बघायची नाही. आज तो गाणार आहे."

"आणि ती किंकाळी?"

"ते मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती."

संध्याकाळी तिघे एकाच गाडीतून गेले. भावजी बारक्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ताईसाठी पहिल्या रांगेत जागा ठेवली होती, पण ती रंगमंचावर मागे आली आणि ड्रम्सच्या बाजूला सामानाची एक रिकामी पेटी होती तिच्यावर बसली. "समोर बसले तर मला त्याचा चेहरा दिसेल," ती म्हणाली.

कार्यक्रम सुरू झाला. एकेक गाणं संपत होतं आणि बारक्याला वाटत होतं की आपण जिना उतरतोय आणि खाली दिवा नाहीये. मध्येच भावजी लोकांशी बोलले, जुन्या दिवसांचे दोन किस्से सांगितले, बारक्याच्या जाडीवर विनोद केला. लोक खदखदा हसले. त्या विनोदात राग नव्हता, हे बारक्याला पाठीवरून कळलं, आणि त्याला आणखीच भरून आलं.

शेवटचं गाणं. वाद्यं थांबली.

किंकाळी उठली ती नेहमीपेक्षा खालून, जवळजवळ कण्हल्यासारखी, आणि तिथून वर गेली. बारक्याने एकदा ताईकडे पाहिलं. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि दोन्ही हातांनी पेटीची कड धरली होती. ठरवणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने काठ्या वर धरल्या आणि ठरवलं की आज खांदा खाली येईपर्यंत मारायची नाही. काहीही झालं तरी नाही.

आवाज चढत गेला. समोरची गर्दी चिडीचूप होती. मग अगदी वर, जिथे तो धारदार व्हायचा, तिथे तो फाटला. कापड फाटावं तसा टर्रकन फाटला आणि बंद पडला.

खांदा खाली आला नव्हता.

सगळं सभागृह शांत. भावजी माइकच्या दांडीला धरून उभे होते. ती दांडी हळूहळू एका बाजूला कलत होती. पाठीवरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बारक्याला ती पाठ वाचता येईना. आणि मग त्याचे पाय त्याला न विचारता उठले. स्टूल मागे आडवं झालं, झांज धक्का लागून खणखणली, काठ्या खाली पडल्या, आणि तो एवढा जाडजूड माणूस लाकडी फळ्यांवर धाडधाड पावलं टाकत पुढे धावला. जिथे तो आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता त्या उजेडात जाऊन त्याने भावजींना काखेत हात घालून धरलं.

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. डोळे उघडे होते.

"भावजी. भावजी, माझ्याकडे बघा."

त्यांनी पाहिलं. ओठ हलले. पहिल्यांदा काहीच आलं नाही, आणि त्या वेळात बारक्या काय काय पाहून आला ते त्याचं त्यालाच माहीत.

"धरून ठेव," भावजी कुजबुजले. "गुडघे गेलेत. डोकं ठीक आहे. घाबरलो, बारक्या. मध्येच इतका घाबरलो की आवाजच गेला."

तोवर ताई आली. तिघे एकमेकांना धरून तसेच उभे राहिले. लोकांना वाटलं, हाच निरोप. आधी कुणीतरी एकाने टाळी वाजवली, मग सगळे उभे राहिले. गाणं तिथेच संपलं. ड्रम्स वाजलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल व्हायच्या आधी भावजींनी गाडी सभागृहाकडे वळवायला लावली. रेकॉर्डिंगची गाडी अजून आवारातच होती. कंपनीचा माणूसही आला होता. रेकॉर्डिंगवालीने ते गाणं लावलं. किंकाळी, फाटणं, शांतता. मग स्टूल पडल्याचा आवाज, झांज, आणि पावलं. बारक्याला लाज वाटली. एखादा बैल माळ्यावरून धावावा तशी ती पावलं ऐकू येत होती. त्यानंतरची कुजबूजही होती, शब्द अन् शब्द.

"पहिल्या दिवसाची किंकाळी घेऊन इथे जोडता येईल," कंपनीचा माणूस म्हणाला. "थोडी फाटलीय, पण साफ होईल. हे सगळं काढून टाकू."

भावजींनी नकारार्थी मान हलवली. "कुजबूज काढा, ती घरातली आहे. बाकी राहू दे."

"पण मग गाणं अर्धवट राहतं. आणि ही पावलं?"

"किंकाळी मी हजारदा मारली असेल," भावजी म्हणाले. "हा जागेवरून उठला तो एकदाच."

ऑपरेशन ठरलेल्या वेळेपेक्षा बरंच लांबलं. ताई आणि बारक्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते. मधूनमधून दार उघडायचं आणि दोघंही अर्धवट उठायचे, मग ते दुसऱ्याच कुणासाठी असायचं. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की फुगा बंद केला, जीव वाचला, बाकी जाग आल्यावर बघू.

जाग आल्यावर भावजींना शब्द सापडेनात. काही आठवडे तर एकही नाही. मग हळूहळू थोडे परतले, पण जागा बदलून. पाण्याला ते खिडकी म्हणायचे, चष्म्याला सोमवार. ताई अंदाजाने ओळखायला शिकली. ती चुकली की ते चिडायचे, आणि ते चिडले की ताई आणि बारक्या दोघांचेही चेहरे उतरायचे. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं की आता तो धोका नाही. दोघं माना डोलवायचे आणि घरी आल्यावर परत तेच. भावजी मोठ्याने खोकले तरी ताईच्या हातातलं काम थांबायचं. गाणं परत आलं नाही. कधी कधी ते गुणगुणायचे, सूर बरोबर असायचा.

अल्बम निघाला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्या पावलांबद्दल काय काय लिहून आलं, कुणी म्हणे तो मुद्दाम वाजवलेला ताल आहे. बारक्याला कुणी विचारलं की तो विषय बदलायचा.

एका दुपारी तो ताईकडे आला होता. दोघं स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. बाहेरच्या खोलीत भावजींनी स्वतः उठून अल्बम लावला. ते अलीकडे रोज लावतात, ताई म्हणाली, आणि शेवटपर्यंत ऐकतात, आवाज मोठा करून. एकेक गाणं होत गेलं. बारक्या बोलत होता, पण वाक्यं तुटायला लागली. कप हातातच राहिला. शेवटचं गाणं सुरू झालं.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "त्याला बंद करायला सांगू?"

"नको. त्यांना ऐकू दे."

तो उठला, दोन्ही कप मोरीत ठेवले आणि नळ पूर्ण सोडला. पाणी भांड्यांवर धो धो पडायला लागलं. कप धुऊन झाले तरी तो ते चोळतच राहिला, त्या पाण्यापलीकडचं काही ऐकू येणार नाही अशा बेताने. ताई येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तिने वरच्या फळीवरची स्वच्छ ताटली काढली आणि तीही त्याच्या हातात दिली.